पहिल्या खेपेचे अंगठे

घाटंजी
३ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि या देशाचा एक नागरिक या नात्याने तो मी तुझ्याकडे नोंदवत आहे. विद्यापीठाच्या परिपत्रकानुसार पीएच.डी.च्या प्रबंधाच्या अंतिम प्रतींचे पुठ्ठे गडद निळ्या रेक्झिनचे असावेत. यवतमाळच्या बाइंडिंगवाल्याने सातही प्रती मरून रंगात बांधल्या. विचारलं तर म्हणतो, "साहेब, निळा सरला. मरून बी चांगला दिसते, लग्नाच्या अल्बमवानी." विद्यापीठातल्या बाईंनी प्रतींना हातही न लावता लांबूनच परत केल्या. चारशे बारा पानं, नऊ वर्षं. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही. घटनेतला समानतेचा अधिकार मरून रंगाला लागू नाही, असं दिसतं.

तू म्हणशील, दीड वर्षाने सराचं पत्र आलं आणि त्यात रेक्झिन. काय करणार, माझा नंबर तू बंद करून ठेवलास. नागपूरला ज्या वकीलसाहेबांकडे काम करतेस त्यांचा पत्ता मिळाला, म्हणून टपाल खात्याला त्रास देतोय.

कळवायचं एवढंच, की नऊ डिसेंबरला माझी तोंडी परीक्षा आहे. 'अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेची संमती : घटनात्मक आशय आणि प्रत्यक्ष व्यवहार'. हे नाव तूच चार वेळा टाईप करून घेतलं होतंस. चार वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, कोलामी मुलाखतींचं मराठी तू केलंस. ऋणनिर्देशात तुझं नाव आठव्या ओळीत आहे, मार्गदर्शक सरांच्या सौभाग्यवतींच्या नंतर. क्रम प्रथेचा आहे, माझा नाही.

चेंबरमधलं तुझं टेबल तसंच आहे. गोपाल त्यावर डबा खातो. म्हटलं, अरे, ही वकिलाची जागा आहे. तर टायपिस्ट मलाच ऐकवतो, "सर, वकील कुठी हाय? डबा तं रोज येते."

तुमच्या वस्तीचे, आंजनपोडचे प्रमुख, मोठे नाईक वारल्याचं कळलं. वय झालं होतं त्यांचं. तुझी आई बरी असेल. मला पोडावर जाणं झालं नाही. खदानीच्या टिपरांनी रस्ता खराब केलाय आणि माझी गाडी जुनी.

आणि एक. गेल्या वर्षी जूनमध्ये तू जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेच आहे. पहिल्या खेपेचे कागद मी जाळले.

आसिम सर


१५ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

तुझं पाकीट मिळालं. आत दोन झेरॉक्स, आणि तुझी एक ओळही नाही. चार वर्षांत मी तुला युक्तिवाद थोडक्यात करायला शिकवलं. इतका थोडक्यात करशील असं वाटलं नव्हतं.

पहिला कागद : २६ जानेवारी २०२४चा आंजनपोड ग्रामसभेचा ठराव. पोडाशेजारच्या टेकडीवर वामनरावांना गिट्टीची खदान देण्यास सर्वानुमते संमती. खाली बेचाळीस अंगठे. दुसरा कागद : तज्ज्ञाचा अहवाल. अंगठे खरे आहेत, आंजनपोडच्याच माणसांचे आहेत.

तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा सांगतो. वकिलाची खोड आहे, आधी वस्तुस्थिती मांडायची. त्या निमित्ताने ती मलाही एकदा सलग वाचता येईल.

डिसेंबर २०२२मध्ये मी पोडावर गेलो. तू अमरावतीला परीक्षेत होतीस. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची अट होती : ज्याची मुलाखत घ्याल त्याची लेखी संमती घ्या. छापील नमुने आले नव्हते. तेव्हा मी तेच केलं जे या तालुक्यातला प्रत्येक वकील करतो. पक्षकार वकीलपत्रावर सही करायला आला, की दोन कोऱ्या कागदांवरही घेऊन ठेवायची. असू द्यावी, ऐनवेळी धावपळ नको. वीस वर्षांत मी अशा कोऱ्या सह्यांवर मुदतीचे अर्ज दिले, कोर्टाला कळवायच्या पुरशिस दिल्या, कुणाचं वाकडं केलं नाही. तीन फुलस्केप कागद घेतले, पहिल्याचा वरचा अर्धा भाग मजकुरासाठी सोडला आणि खाली अंगठे घेतले.

संमतीवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने संमती कोऱ्या कागदावर घेतली. नऊ वर्षांत मी तीनशे सत्तावीस तळटीपा दिल्या, ही एक राहिली.

घरोघर मला तुझ्या आईने फिरवलं. आधी नाईकांचं घर, मग चावडीला उजवी घालत एकेक. "उज्ज्वलाच्या सराचं पुस्तक हाय. द्या अंगठा." मी प्रत्येक ठशाशेजारी पेन्सिलने क्रमांक टाकत गेलो. अब्बांची शिकवण. मोटारपंप खोलला की अब्बा, म्हणजे नजीर मिस्त्री, एकेका भागावर खडूने आकडा टाकायचे. म्हणायचे, आकडा नसला तर जोडताना एक नट उरतोच. सतरा नंबरचा माणूस बाजाराला गेला होता. त्याची जागा सोडली. तो त्या दिवशी आलाच नाही.

शेवटचा अंगठा तुझ्या आईचा. जांभळी शाई निघेना. राखेने घासलं, मातीने घासलं. म्हणाली, "वकीलसाहेब, ह्या हातानं भाकर कशी थापू मी?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला साबण आणतो, जमनीबाई."

फेब्रुवारीत छापील नमुने आले. पुन्हा गेलो. तुझी आई पुन्हा दारोदार हिंडली. लोक विचारत, "पुन्हा काहून?" ती सांगे, "पयले चुकलं म्हणे सराचं." साबण मी विसरलो होतो. पुन्हा शाई लावली. तिने फक्त विचारलं, "साबण?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला."

आता तुझ्याकडच्या ठरावाची प्रत पाहा. शेवटच्या अंगठ्यापर्यंत मोजत जा. जागा त्रेचाळीस आहेत, अंगठे बेचाळीस. दुसऱ्या ओळीत एक ठसा नाही, नुसती मोकळी जागा आहे. तो सतरा नंबर.

कागद मी जाळले नव्हते. गोपालने विचारलं होतं, "सर, हे जुने कायले ठेवू?" मी म्हटलं, "राहू दे. कामी पडतात."

पडले.

आसिम सर


संविधान दिन
२६ नोव्हेंबर २०२५

उज्ज्वला,

आज सकाळी मी एका मंगल कार्यालयात उद्देशिकेचं सामूहिक वाचन करून आलो. मी प्रमुख वक्ता होतो. अध्यक्षस्थानी वामनराव. माझा परिचय करून देताना निवेदक म्हणाला, "घटनेचे गाढे अभ्यासक, लवकरच डॉक्टर होणारे." वामनरावांनी सर्वांत आधी टाळी वाजवली. मग आम्ही सगळे उभे राहून 'आम्ही भारताचे लोक' म्हणालो. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

मागच्या पत्रात मी गोपालच्या कपाटापर्यंत आलो आणि थांबलो. तू ते ओळखलं असशीलच. साक्षीदार नेमका कुठे थांबतो ते बघत जा, हे मीच तुला शिकवलं.

एप्रिल २०२४. खदान सुरू व्हायच्या महिनाभर आधी वामनराव शेताच्या धुऱ्याच्या वादाचे कागद दाखवायला चेंबरमध्ये आले. पिशवीतून सातबारा काढताना ठराव बाहेर आला. मी उचलून दिला. उचलताना खाली नजर गेली. दुसऱ्या ओळीत मोकळी जागा. पेन्सिलचे आकडे खोडरबरने खोडले होते, पण कागदाला दाब राहिला होता. नावं गोपालच्या अक्षरात.

वामनराव म्हणाले, "पुस्तक कुठवर आलं, वकीलसाहेब?"

"जुलैमध्ये दाखल करतोय."

"करा, करा. मोठं काम हाय. अशा टायमाले उगा कशात पडू नये माणसानं."

एवढंच. धमकी नाही, बिदागी नाही. चहा प्यालो. ते गेल्यावर गोपालला हाक मारली. कपाटातले कागद वामनरावांना त्यानेच दिले होते. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणले ना कामी पडतात." मी त्याला म्हटलं, जा, जेव.

दोन महिन्यांनी तू येऊन समोर उभी राहिलीस. "सर, पोडावर ग्रामसभा झालीच नाही. लोकांनी अंगठे फक्त तुम्हाला दिले. पहिल्या खेपेचे कागद कुठी हायत?" मी म्हटलं, जाळले.  तू टेबलावरची तुझी पाटी उचलून पिशवीत घातलीस. मला वाटलं, मुलगी तापट आहे, येईल परत.

मी का बोललो नाही, याची मी बरीच भारदस्त कारणं तयार केली होती. खरं कारण छोटं आहे. कोरे अंगठे मी घेतले हे बाहेर आलं असतं तर प्रबंध गेला असता, कदाचित वकिलीची सनदही. नऊ वर्षं मी बार रूममध्ये 'डॉक्टरसाहेब' अशी थट्टा ऐकली. ती एकदा खरी झालेली ऐकायची होती.

याहून वाईट एक आहे. गेल्या वर्षी प्रबंध दाखल झाल्यावर, ऑगस्टमध्ये, वामनरावांनी त्याची प्रत मागितली. 'वाचाले'. मी दिली. 'सप्रेम भेट' लिहून, खाली सही करून. त्यांनी ती खरंच वाचली. निदान परिशिष्ट चार तरी. त्यात दुसऱ्या खेपेची छापील संमतीपत्रं क्रमवार लावलेली आहेत. पोडाच्या वतीने तुम्ही नागपूरला घातलेल्या याचिकेला त्यांनी दिलेल्या उत्तरात तेच आहे ना? "पुस्तकासाठी दिलेले अंगठे हे पाहा, पुस्तकात जागच्या जागी आहेत. ठरावावरचे वेगळे. लोकांनी दोनदा दिले हे लोकच सांगतात." माझ्या प्रबंधाचा आजवर एवढा नेमका उपयोग कुणी केलेला नाही.

नाईकांचं वय झालं होतं, असं मी लिहिलं. खोटं नाही ते. पण गोपालच्या गावचे लोक सांगतात, अहवाल आल्यावर ते चावडीत बसून अंगठा बघायचे. म्हणायचे, "कागद म्हणते माह्याच हाय. मंग मीच देल्ला असंन. कवा देल्ला?" सहा महिने त्यांना ते आठवलं नाही. मग जेवण सुटलं. आणि पोडाने ठरवलं, की अंगठे ज्या बाईने मागितले तिने विकले. तुझ्या आईला चावडी बंद, पोडाच्या जेवणात पंगत बंद. तीन पावसाळ्यांआधी तिच्या बोलण्यावर लोकांनी दार उघडलं होतं, त्याची ही शिक्षा.

मेहनाजने काल प्रबंधाची निळी प्रत हातात घेतली. माझी बायको दहावीनंतर शिकली नाही, पण मला वीस वर्षं वाचते आहे. म्हणाली, "इतनी मोटी किताब. इस में वो बात कौनसे पन्ने पे है जो तुम्हे सोने नहीं देती?"

मी म्हटलं, परिशिष्टात.

आसिम


१० डिसेंबर २०२५

उज्ज्वला,

सोबत तीन गोष्टी आहेत. आधी त्या पाकिटातून काढून तपासून घे.

एक, माझं प्रतिज्ञापत्र. नोटरी केलेलं. डिसेंबर २०२२मध्ये कोऱ्या कागदांवर अंगठे मी घेतले, ठरावाचे कागद तेच आहेत, आणि हे मला एप्रिल २०२४पासून ठाऊक आहे, असं त्यात लिहिलंय. दोन, माझी त्या दिवशीची टिपणवही, मूळ. पान अकरावर घरांचा क्रम आहे आणि 'क्र. १७ बाजारला, जागा सोडली' अशी नोंद. ठराव चावडीत बसून झाला म्हणतात. बसलेली माणसं घरांच्या क्रमाने, चावडीला उजवी घालत अंगठे देत नाहीत आणि बाजाराला गेलेल्याची जागा राखून ठेवत नाहीत. तीन, गोपालच्या अक्षराचे नमुने. कोर्टाच्या दोन वर्षांच्या तारखांची वही, त्याच्या हातची. गोपालला सांगून घेतली. तो रडला. मग म्हणाला, "सर, तुम्ही माह्यावर ढकललं असतं तं चाललं असतं ना." मी म्हटलं, ते मीही वीस महिने विचारात घेतलं होतं.

आता परीक्षेचं.

तुला प्रथा माहीत आहे, उमेदवाराने परीक्षकांना जेवण द्यायचं. मी पाटवड्या, वांग्याचं भरीत आणि श्रीखंड सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, तिसऱ्या प्रकरणातला समास एके ठिकाणी का हलला आहे? दुसरा, कोलाम समाज नेमका कुठे कुठे आढळतो? बावीस मिनिटांत मी डॉक्टर झालो. लोक उभे राहिले. कुणीतरी गुलाबाचं फूल दिलं.

फूल टेबलावर ठेवून मी म्हटलं, "परिशिष्ट चार खोटं नाही. पण त्याच्या आधीचं एक परिशिष्ट मी लपवलं आहे." आणि सांगितलं. सगळं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सभागृहात पंख्याचा आवाज येत होता. डिसेंबरात पंखा कुणी लावला होता कोण जाणे. परीक्षकांनी मार्गदर्शक सरांकडे पाहिलं, सरांनी अध्यक्षांकडे, अध्यक्षांनी घड्याळाकडे. मग सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आसिम, आत्ता कशाला? आधी पदवी तर पदरात पडू दे." मी म्हटलं, "सर, पदवी पडली की मी बोलणार नाही. मी मला ओळखतो."

निकाल राखून ठेवला आहे. चौकशी समिती नेमतील. जेवण मात्र झालं. माझ्याशेजारची खुर्ची रिकामी ठेवून सगळे व्यवस्थित जेवले. भरीत संपलं.

सनदेचं काय व्हायचं ते होईल. तू माझ्यासाठी काही सौम्य लिहू नकोस. सोळा तारखेच्या सुनावणीत उलटतपासासारखं कुणी विचारलं, की हा माणूस आजवर गप्प का होता, तर मागची तीन पत्रं दाखव. पत्रं तुझीच आहेत.

आसिम


आंजनपोड-घाटंजी
२१ डिसेंबर २०२५

उज्ज्वला,

तुझा मेसेज मिळाला. 'जानेवारीपर्यंत सुरुंग बंद. पुढची तारीख नऊ.' दीड वर्षातलं तुझं पहिलं वाक्य, आणि त्यात मला उद्देशून एकही शब्द नाही. बरोबर आहे.

आज पोडावर गेलो होतो. गाडी जुनीच आहे, पण पोहोचली. टेकडी आता अर्धीच उरलीय, बाजूने कापलेल्या भाकरीसारखी. पायथ्याच्या झऱ्याच्या जागी पांढरी भुकटी साचली आहे, त्यात शेळ्यांच्या खुरांचे ठसे. सुरुंग बंद आहेत, पण गेलेली टेकडी कोणत्याही तारखेला परत येत नाही. तुला हे सांगायला नको.

चावडीत माणसं जमवली. नवे नाईक हे जुन्यांचे पुतणे. मी उभ्याने बोललो. मध्ये कोलामी सांगायला तू नव्हतीस, त्यामुळे साधं बोलावं लागलं. त्याचा फायदा झाला. 'घटनात्मक आशय' म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "अंगठे मी घेतले. कोऱ्या कागदावर. खाली तुमचं होतं, वरतं लबाडीचं लिहिलं. जमनीबाईनं काही विकलं नाही. तुमच्या मोठ्या नाईकानं टेकडी देल्ली नाही. मले माहीत होतं. मी बोललो नाही."

 एका म्हाताऱ्याने विचारलं, "नाईक जित्ता होता तवा काहून नाही आला तू?"



दुसरा एक जण म्हणाला, "सतरा नंबर मीच. बाजारात गेलतो. तेवढाच वाचलो म्हणा." कुणीतरी हसलं. मग थांबलं. नवे नाईक म्हणाले, विचार करू. बसून ठरवू. म्हणजे काय ठरवतील मला ठाऊक नाही. तुझ्या आईला लगेच कुणी आत बोलावलं नाही. ती चावडीबाहेर, लिंबाखाली उभी राहून सगळं ऐकत होती. पण मी निघालो तेव्हा एका बाईने तिला बसायला गोणपाटाची फारी टाकली. एवढं मी पाहिलं, एवढंच लिहितो.

तुझ्या आईच्या घरी गेलो. चूल पेटलेली होती. मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी पिशवीतून साबणाची वडी काढली. घाटंजीच्या बाजारातली, कपड्याची नव्हे, अंगाची. तिच्यासमोर धरली.

तिने आधी वडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीन साल झाले, वकीलसाहेब. शाई तं कवाच गेली."

"माहीत आहे."

"मंग कायले आणला?"

"म्हटलो होतो म्हणून."

तिने वडी घेतली. वास घेतला. कागद सोलला, घडी करून कुडाच्या फटीत खोचला. मग मडक्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि उंबऱ्यात बसून अंगठे घासायला लागली. दोन्ही हातांचे. सावकाश. अंगठे स्वच्छच होते. ती घासत राहिली आणि मी तांब्याने पाणी घालत राहिलो.

आसिम